घाटावरचा नाका कुठे गेला?

तिनई घाट, डिसेंबर 1879

घंटा आधी ऐकू येतात, बैल मागाहून दिसतात. तुम्ही तिनई घाटाच्या वरच्या तोंडाशी उभे आहात. पायाखाली सुपा तालुका, समोर उतारावर पोर्तुगीजांचा गोवा. 'जोयडा तालुका' हे आजचे नाव इथे कोणी घेत नाही. सुपा गाव काळी नदीकाठी आहे. ते गाव शंभरेक वर्षांनी धरणाखाली जाणार आहे, पण ही बातमी तुम्ही स्वतःपाशीच ठेवा. सध्या इथल्या लोकांना हिवतापाची आणि वाघाची काळजी पुरेशी आहे.

लमाणांचा तांडा धापा टाकत वर येतो. बैलांच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गोण्या. खाली जाताना त्यांत धारवाडकडचे धान्य, मिरची, गूळ होता. वर येताना मीठ आहे, नारळ आहेत, सुकी मासळी आहे. मासळीचा वास तांड्याच्या दहा पावले पुढे चालतो. वाटेत आडवा बांबू, बाजूला गवताने शाकारलेली खोप, खोपीत काटा, वही आणि एक कारकून. हा इंग्रजांचा जकात नाका.

"किती मण, नाईक?"

"तुम्हीच तोला, रावसाहेब. काटा तुमचा, कर तुमचा."

कारकून हसत नाही. त्याला हे रोज ऐकावे लागत असणार. मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे एक रुपया तेरा आणे कर होता. 1878 मध्ये तो अडीच रुपये झाला. मण म्हणजे सुमारे 37 किलो. मजुराची रोजची कमाई आण्यांत मोजायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. धारवाड, बेळगाव, विजापूर भागातला 1876 ते 78 चा भीषण दुष्काळ नुकताच सरला आहे. वरच्या मुलखातल्या माणसाला धान्य मिळेल की नाही याची खात्री नव्हती, तेव्हा मिठावरचा कर वाढला.

तांडा तोलून घेतला जात असताना तुम्ही थोडे बाजूला सरा आणि झाडीत बघा. डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन कुणबी बाया पायवाटेने निघाल्या आहेत, नाक्याला वळसा घालून. पाटीत वर पाला आहे. खाली काय आहे ते कारकुनालाही ठाऊक आहे. एवढ्या जंगलात सगळ्या वाटांवर बांबू आडवा टाकायचा तर सुप्याचे बांबूचे बन पुरणार नाही.

त्या बायांच्या हिशेबी ही चोरी नाही. त्यांचे सोयरे खाली सांगे-केपे भागात आहेत, देवही खालचे. घाटाची वरची आणि खालची बाजू एकाच सोंदे संस्थानात होती. 1763 नंतर हैदर अलीच्या स्वारीपुढे सोंद्याचा राजा गोव्यात आश्रयाला गेला. घाटाखालचा त्याचा मुलूख पोर्तुगीजांकडे राहिला, घाटावरचा म्हैसूरकरांकडून पुढे इंग्रजांकडे आला. म्हणजे ज्या रेषेवर हा बांबू आडवा पडला आहे, तिचे वय सव्वाशे वर्षेही नाही. सोयरीक तिच्याहून जुनी आहे.

तिनई घाट, 15 जानेवारी 1880

महिनाही उलटला नाही. बांबू कडेला पडला आहे. शिपाई वळकटी बांधतो आहे. कारकुनाने काटा गोणपाटात गुंडाळला आहे.

ज्या कागदामुळे हे घडले, त्यावर सह्या झाल्या त्या इथून हजारो मैल दूर, लिस्बनमध्ये, 26 डिसेंबर 1878 रोजी. इंग्लंडतर्फे सही रॉबर्ट मोरियर यांची, पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री जुआंव द आंद्राद कोर्वो यांची. व्यापार आणि गुन्हेगारांची देवघेव यांबाबतचा हा करार आजपासून बारा वर्षांसाठी लागू होतो आहे. ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यामधली जकात रेषा उठली. दोन्हीकडच्या बंदरांवर बाहेरून येणाऱ्या मालाला एकच दर. आतल्या आत माल मोकळा. एका बाजूला गुन्हा करून दुसऱ्या बाजूच्या रानात दडलेल्याला परत देण्याची तरतूद. मार्मागोव्याच्या बंदरापासून घाट चढून हुबळीपर्यंत रेल्वे.

तुम्ही एकविसाव्या शतकातून आला आहात, तेव्हा ही भाषा तुमच्या ओळखीची आहे. जर्मन संस्थानांनी 1834 मध्ये आपसातली जकात उठवून असाच संघ उभारला होता. 1951 मध्ये कोळसा आणि पोलाद यांपासून सुरुवात करून युरोपातले सहा देश त्याच वाटेने जाणार आहेत आणि 1957 मध्ये रोमला करार करणार आहेत. 1985 मध्ये ढाक्याला सार्कची स्थापना होईल, 2006 पासून दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार लागू होईल, आणि तरीही या शेजाऱ्यांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहील. त्या सगळ्याच्या कितीतरी आधी, सुप्याच्या या जंगलात, दोन परक्या राजवटींमधला नाका एका सकाळी उठतो आहे.

पुढच्याच वर्षी या घाटातून आलात तर लमाण नाईक तुम्हाला एक नवे नाणे दाखवील. वजन आणि चांदीचा कस राणीच्या रुपयाइतकाच, पण वर मुखवटा पोर्तुगालच्या राजा लुईशचा. पाडलेले कलकत्त्याच्या टांकसाळीत. 1880 च्या मार्चमध्ये दोन्ही सरकारांनी नाण्यांचाही करार केला आणि गोव्याने आपला जुना शेराफिम-टांग्यांचा हिशेब सोडून रुपया धरला. एक जकात, एक नाणे, लवकरच एक लोहमार्ग. युरोपाला यातले एका नाण्याचे पाऊल टाकायला अजून शतकभराहून अधिक काळ लागायचा आहे.

नाईकाला मात्र यात काहीतरी खटकते आहे. पुढच्या फेरीला त्याच्याबरोबर खाली उतरा.

गोव्याची मिठागरे, 1881

ऊन चढले आहे. मिठागराच्या वाफ्यांत पाणी आटून पांढरी साय धरते आहे. बांधावर एक परका माणूस बसला आहे आणि त्याच्या हाती वही आहे. ही वही तुम्ही घाटावर पाहिली होती.

कराराची खरी किंमत इथे मोजली जाते. जकात रेषा उठवायची तर कर न भरलेले गोव्याचे स्वस्त मीठ घाटावर चढून इंग्रजांचा मीठकर बुडवणार. त्यावर तोड निघाली ती अशी: गोव्यातले मीठ पिकवणे आणि विकणे, दोन्हींचा ताबा इंग्रजांच्या हाती द्यायचा. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला दर साल चार लाख रुपये. आता कोणते मिठागर चालायचे आणि कोणते नाही, हे मुंबई सरकारचे मीठ खाते ठरवते. ज्यांवर पहारा ठेवणे परवडत नाही अशी लहान आगरे बंद पडतात. गोव्यात, मीठ जिथे पिकते तिथेच, मीठ महागते.

माडांचेही तेच. मुंबई इलाख्यात 1878 मध्ये अबकारीचा कायदा झाला आणि करारामुळे तीच पद्धत गोव्यात उतरली. ताडी काढायची तर परवाना हवा, माडामागे कर हवा. पहाटे माडावर चढणारा रेंदेर आता चढण्याआधी सरकारात पैसे भरतो. नारळाच्या झाडाला घाटावरच्या महसुलाशी काय देणेघेणे, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नाही.

नाईक गोण्या भरून घेतो आणि तोंड कडू करून म्हणतो, "घाटात काही द्यावं लागत नाही खरं. पण आता इथंच द्यावं लागतं."

नाका उठला हे खरे. तो तिथून निघाला आणि गोव्यातल्या प्रत्येक मिठागराच्या बांधावर आणि प्रत्येक माडाच्या बुंध्याशी येऊन बसला. व्यापाऱ्याची वाट मोकळी झाली. धारवाडच्या कापसाला समुद्र जवळ आला. लिस्बनच्या तिजोरीची सोय झाली, मुंबईच्या तिजोरीची त्याहून झाली. आणि नाक्याचा सगळा भार मीठ पिकवणारा, ताडी काढणारा आणि मीठ खाणारा यांच्या अंगावर आला. करार करताना लिस्बनच्या मेजाशी बसलेल्यांत यांच्यापैकी कोणी नव्हते.

वर परतताना रानात त्या दोन कुणबी बायांपैकी एक भेटते. डोक्यावर पाटी नाही. आता चोरवाटेचा उपयोगच उरलेला नाही, कारण खालचे मीठही कराच्या भावानेच मिळते.

"नाको गेलो, बाबा," ती म्हणते, "पूण मीठ म्हारग जालें."

कॅसलरॉक, 1889

धूर आधी दिसतो, गाडी मागाहून येते. तांड्याच्या वाटेवर आता लोखंड आहे.

लंडनमध्ये 1881 साली 'वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे' कंपनी निघाली. नावातच हमी आहे: भांडवलावरचे व्याज पोर्तुगाल सरकारने द्यायचे. मार्मागोव्यापासून ऐंशीएक किलोमीटरचा मीटरगेज मार्ग, त्यातला शेवटचा तुकडा घाटाचा. दर चाळीस हातांना सुमारे हातभर चढ, बोगद्यांमागून बोगदे, आणि मधेच दूधसागर, जिथे गाडी धबधब्याच्या अगदी पुढ्यातून जाते. 1888 पर्यंत रूळ इथे, सुपा तालुक्याच्या माथ्यावर पोचले आणि वरून आलेल्या सदर्न मराठा रेल्वेला मिळाले.

तुम्ही फलाटावर उभे राहा आणि एक गोष्ट नीट बघून घ्या, कारण 1892 पासून ती सत्तरेक वर्षे दिसणार नाही. गोव्याहून आलेला एक तरुण, अंगात कोट, हातात पत्र्याची ट्रंक, डब्यातून उतरतो आणि धारवाडच्या गाडीत बसतो. त्याची ट्रंक कोणी उघडत नाही. त्याला कोणी थांबवत नाही. एका राज्याच्या प्रजेतला माणूस दुसऱ्या राज्यात शिरला आणि फलाटावरच्या चहाच्या वासाखेरीज कशानेही त्याचे स्वागत केले नाही. बाजूच्या रुळावर कापसाच्या गाठी बंदराकडे निघाल्या आहेत.

इथे प्रामाणिकपणे कबूल करायला हवे: हे सुंदर आहे. कराराने मिठाचे जे केले ते केले, पण हा फलाटही त्याच कराराचा आहे. बंदर आणि पठार यांच्यामधली डोंगराची भिंत खरोखर खाली आली. त्या तरुणासारखे हजारो गोवेकर पुढे याच घाटाने वर चढून मुंबई-पुण्याला कामधंद्याला जातील. सीमा उठवण्याची कल्पना खोटी नव्हती. हिशेब एकतर्फी होता.

फलाटाच्या टोकाला नाईक बसला आहे. या हंगामात त्याचे निम्मे बैल रिकामे आहेत. तुमच्याकडे बघून तो इंजिनाकडे हनुवटी करतो. "चारा खात नाही," एवढेच म्हणतो.

कॅसलरॉक, जानेवारी 1892

बारा वर्षे भरली. कराराचे नूतनीकरण झालेले नाही. दोनच वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या मुलखावरून लंडनने लिस्बनला निर्वाणीचा इशारा दिला, त्यामुळे दोन्ही राजधान्यांतला जुना गोडवाही आटला आहे. पण करार कशाने वाचला असता याचे उत्तर आफ्रिकेत शोधायला नको. गोव्यात त्याच्या बाजूने उभे राहायला सामान्य माणूस उरला नव्हता. ज्याला त्यातून काही मिळाले नाही, तो त्याच्यासाठी रडणार नव्हता.

म्हणून आज फलाटावर नवे मेज मांडले आहे. ट्रंका उघडल्या जात आहेत. वर कॅसलरॉकला इंग्रजांची तपासणी, खाली कुळ्याला पोर्तुगीजांची. घाट उतरायला लागतो त्याहून जास्त वेळ कुलपे उघडण्यात जातो. रेल्वे मात्र करारासारखी मोडून टाकता येत नाही. ती राहिली, आणि तिच्या व्याजाची हमीही राहिली. ज्या मोकळ्या व्यापाराच्या भरवशावर पोर्तुगालने ती दिली, तो व्यापार गेला. दहा वर्षांनी, 1902 मध्ये, ही रेल्वे चालवण्याचे काम सदर्न मराठा कंपनीकडे जाईल.

तुमच्या पायांशी पुन्हा तीच रेषा आहे. फरक इतकाच, की 1879 च्या रेषेभोवती रान होते आणि वळसा घालता येत होता. आगगाडीतून वळसा घालता येत नाही.

कॅसलरॉक, 15 ऑगस्ट 1955

आता घाईने पुढे चला, पण इथे क्षणभर थांबा. पाऊस कोसळतो आहे. इंग्रज आठ वर्षांपूर्वी गेले, पोर्तुगीज आहेत. फलाटावर सत्याग्रही जमले आहेत. निम्म्यांचे पाय अनवाणी आहेत आणि बोलणे मराठी, हिंदी, कानडी असे मिसळून चालले आहे. ते रुळांवरून खाली गोव्याकडे निघतात. त्या दिवशी गोव्याच्या निरनिराळ्या सीमांवर पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी वीसहून अधिक सत्याग्रही मारले जातात.

त्यानंतर या मार्गाने गाड्या जात नाहीत. भारताने 1954 पासून व्यापाराची नाकेबंदी आवळलेली आहे. घाटाखाली परदेशांतला तांदूळ आणि हॉलंडचे बटाटे येतात, आणि इथल्या फलाटापासून काही कोसांवरचे धान्य मात्र खाली उतरत नाही. कलकत्त्याच्या नाण्याने सुरू झालेला रुपयाही गोवा 1958-59 मध्ये सोडतो आणि एस्कुदो घेतो. शेजाऱ्यापासून तुटणे किती दूरवर जाऊ शकते ते इथे दिसते.

डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त होतो. नंतर गाड्या पुन्हा सुरू होतात. ट्रंक पुन्हा कोणी उघडत नाही.

त्याआधीच, 1 नोव्हेंबर 1956 ला, सुपा तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आहे. कारवार, हल्याळ आणि सुपा यांवर महाराष्ट्राचा दावा कायम आहे. 16 जानेवारी 1967 ला गोवेकर कौल देऊन महाराष्ट्रापासून वेगळे राहायचे ठरवतात. एकाच देशात आलेले शेजारीसुद्धा किती जवळ यायचे ते आपापले ठरवतात. गोव्याला ते मतपेटीतून ठरवता आले, सुप्याला आले नाही.

अनमोड, आज

तुम्ही तुमच्या काळात परत आलात. राष्ट्रीय महामार्ग 748 रामनगरहून अनमोडकडे येतो आणि मोल्याकडे उतरतो. मागे काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान, पुढे गोवा. 1 जुलै 2017 ला वस्तू आणि सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले. ट्रक आता इथे चलन भरायला रांग लावत नाहीत. जर्मन संस्थानांनी 1834 मध्ये केले ते भारतातल्या राज्यांनी 183 वर्षांनी केले.

त्या कराची परिषद कशी चालते ते बघा, म्हणजे लिस्बनच्या मेजावर काय कमी होते ते कळेल. परिषदेत प्रत्येक राज्याला एक मत आहे आणि सगळ्या राज्यांच्या मतांचे वजन सारखे आहे. राज्य म्हणून दोन जिल्ह्यांपासून सुरुवात केलेल्या गोव्याचे मत कर्नाटकाच्या मताइतकेच जड. निर्णयाला तीन चतुर्थांश वजन लागते आणि एक तृतीयांश केंद्राकडे आहे, म्हणजे केंद्राला एकट्याने काही रेटता येत नाही, आणि राज्यांना केंद्राला डावलताही येत नाही. 1878 मध्ये गोव्यातल्या मिठागरवाल्याच्या वतीने बोलणारे असे एक मत असते, तर चार लाखांच्या बदल्यात मीठ देण्याआधी कुणीतरी खुर्ची मागे सारून उठला असता.

मेजाजवळची खुर्ची सगळ्यांनाच मिळाली आहे असे नाही. मार्मागोव्याला उतरलेला कोळसा याच घाटाने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे चढतो. तो वाढावा म्हणून कॅसलरॉक ते कुळे दुसरा रूळ टाकायचे ठरले. 2020 मध्ये गोव्यात लोक रात्री रुळांवर बसले आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. बंदर आणि पठार जोडण्याचा फायदा पोलादाला, धूळ रुळाकाठच्या घरांना, हा जुनाच हिशेब. यावेळी निदान तो कोर्टात मांडता आला.

गाडी हळू करा. अनमोडला एक नाका अजून आहे. दारू वस्तू आणि सेवा कराच्या बाहेर आहे, कारण अबकारीचा महसूल सोडायला राज्ये तयार नव्हती आणि त्यांना नाही म्हणण्याचा अधिकार होता. गोव्यातली स्वस्त बाटली वर चढू नये म्हणून कर्नाटकाचा शिपाई गाड्या थांबवतो. गैरसोय होते, रांग लागते, मागचा हॉर्न वाजवतो.

तरीही हा नाका 1880 मध्ये उठवलेल्या नाक्यापेक्षा बरा म्हणायला हवा. तो कुठे आहे ते सगळ्यांना दिसते, कोणी ठेवला ते माहीत आहे, आणि ज्यांनी ठेवला त्यांना पाच वर्षांनी मते मागायला यावेच लागते. शिपायाने काच ठोठावली आहे. डिकी उघडून दाखवा.